नागपूरकडं तोंड केलेली डिश

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, तेल लावून केस चापून बसवून, टीव्हीसमोर खुर्चीत ताठ बसलेले आप्पा, आणि टीव्हीवर भलतंच काहीतरी चाललेलं. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीतून आमचं बिऱ्हाड हललं, केबलवाल्याचा धंदा बसला, त्याच्या वायरी खांबांवर नुसत्याच लोंबकळत राहिल्या, तरी माझा राग काही गेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे चंदगडकडचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांची इंजिनं खोलण्यात त्यांचा जन्म गेला. छप्पन साली, मिसरूड फुटायच्या वयात, ते चुलत्याबरोबर नागपूरला गेले आणि त्या अफाट गर्दीत उभं राहून त्यांनी दीक्षा घेतली. तेव्हापासून दर दसऱ्याला ते नागपूर गाठत. रिझर्वेशन मिळो न मिळो, उभ्यानं जात. माझा जन्म झाला त्या वर्षी गेले. आई वारली त्या वर्षीही गेले, आणि त्यावरून मी त्यांच्याशी कितीतरी दिवस धड बोलत नव्हते. ते मात्र परत येत ते नवा माणूस होऊन. दीक्षाभूमीवरची धूळ चपलांवर तशीच ठेवून ते वर्कशॉपमध्ये कामावर हजर होत.

मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. एसटीच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून गाडीचं काय बिघडलंय ते सांगणारा माणूस खिडकीपाशी खुर्चीत येऊन बसला. त्या वर्षी दसरा जवळ आला तसे ते चिडचिडे झाले. चहा गार, भात कच्चा, पंख्याचा आवाज फार. मी पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. रोज एसटीनं जाऊन-येऊन घर बघत होते आणि माझाही पारा काही खाली नसायचा. एकदा वैतागून मी म्हटलं, "आप्पा, टीव्हीवर दाखवतात की नागपूरचं. सरकारी मराठी चॅनेलवर. घरात बसून बघायचं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आख्खं दाखवत्यात?"

"आख्खं."

झालं. माणूस बदलला. दसऱ्याच्या दिवशी दुपारपासून माझ्याकडून त्यांनी शर्टाला दोनदा इस्त्री करून घेतली. संध्याकाळी मी टीव्ही लावला. सरकारी मराठी चॅनेलच्या जागी आमच्या केबलवाल्याचं लोकल चॅनेल दिसत होतं. त्यावर कोल्हापूरचा दसरा, चौकातली गर्दी, पालख्या, बँड. मी पुढची-मागची सगळी चॅनेलं फिरवून बघितली. नागपूर कुठंच नव्हतं.

"लागंल आता," आप्पा म्हणाले. ते तसेच बसून राहिले. बाहेर अंधार पडला, चौकातली गर्दी पांगली, लोक सोनं लुटून घरी आले, आणि आप्पा त्या शर्टात पालख्या बघत बसलेले. "लागंल की," ते मधूनच म्हणायचे. मला तिथं बसवेना.

केबलवाला आमच्याच गल्लीत राहायचा. मंडळाचा पुढारी तोच, गल्लीतल्या भांडणांचा पंच तोच. हसरा माणूस. कुणाशी वाकडं बोलायचा नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा. मी दारात उभी राहून विचारलं, ते चॅनेल का काढलं?

"ताई, मशिनीत जागा किती हाय? लोकल लावायचं तर एक काढायला लागतंय की."

"मग तेच का काढायचं?"

"अवो, आज दसरा हाय. कोल्हापूरचा दसरा सोडून नागपूरचं कोण बघतंय, सांगा की!"

"आम्ही बघतो."

"तुमी सोडून?" तो हसून म्हणाला. "एका घरासाठी आख्ख्या गल्लीला उपाशी ठेवू व्हय?"

गल्लीत आमचं तसलं एकच घर होतं, हे खरंच. पण सरकारी चॅनेल दाखवणं केबलवाल्याला कायद्यानं बंधनकारक आहे, हे मला कचेरीतल्या माणसाला ठाऊक होतं. मी ते त्याला सांगितलं. कायद्याचं नाव काढल्यावर तो आणखीनच हसला. "पुढच्या साली बघू की ताई. या, सोनं तरी घेऊन जावा."

दसऱ्याचा मला राग नाही. लहानपणी मीसुद्धा आप्पांच्या मागं लागून चौकात पालख्या बघायला गेलेली आहे. माझा राग त्या 'तुमी सोडून'वर आहे. दिवसाचे सगळे तास, वर्षाचे सगळे दिवस तुझे. त्यातली एक संध्याकाळ मागितली तर तीही तुला जड झाली. आणि वर हसतोस!

घरी आले तर आप्पा माझ्यावरच उखडले. जीभ अडखळत होती, पण राग सरळ बाहेर येत होता. "त्याच्या दारात का गेलीस? हात पसरायला?" मी म्हटलं, हात पसरले नाहीत, भांडून आले. शर्ट मात्र मला काढू दिला नाही, रात्री तसाच अंगावर ठेवून झोपले.

पुढं केव्हातरी सरकारी फुकट डिशची जाहिरात सुरू झाली. एकदाच डिश आणि डबा घ्यायचा, मग कुणाला काही द्यायचं नाही, आणि सरकारी मराठी चॅनेल त्यात आहेच. मी लक्ष्मीपुरीतल्या दुकानात गेले. दुकानदारानं पत्र्याची डिश, लोखंडी पाय, वायरीचं भेंडोळं आणि डबा माझ्यासमोर आपटला. "बसवायला माणूस पाठवा," मी म्हटलं.

"माणूस कशाला? आभाळाकडं तोंड करा, आपोआप लागतंय."

आपोआप! हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा आमच्या गच्चीवर उन्हात उभा करायला हवा होता. डब्याबरोबर आलेल्या कागदावर बारीक अक्षरात इंग्रजी आणि एक चित्र, त्यात एक गोरा माणूस डिशकडं बघून हसत होता. माझ्या वाट्याला सगळे हसणारेच आले होते.

गच्चीच्या कठड्याला पाय ठोकून घेतला, डिश बसवली. डिशच्या पुढं एक दांडा येतो, त्याच्या टोकाला मुठीएवढं डोकं बसतं, त्याला एलएनबी म्हणतात. त्यातून वायर निघून खाली डब्यात जाते. वायरीच्या आत तांब्याची तार आणि तिच्याभोवती बारीक जाळी. त्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला चिकटला तरी सगळं ठप्प, हे मला अनेक संध्याकाळी वाया गेल्यावर कळलं. आता प्रश्न एकच राहिला होता. तोंड कुठं करायचं?

"नागपूरकडं," आप्पा म्हणाले.

त्यात शंका घेण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पूर्वी आमच्याकडं उभा अँटेना होता. त्याच्यावर दिल्लीचं तेवढं दिसायचं, तेही मुंग्या आल्यासारखं, पण तो टॉवरच्या दिशेनं फिरवला की चित्र सुधारायचं. जिथनं येतंय तिकडं तोंड करायचं, साधा हिशेब. कार्यक्रम नागपूरचा, म्हणजे तोंड नागपूरकडं. आणि नागपूर कुठल्या अंगाला, हे आप्पांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्यांनी खिडकीतून डावा हात बाहेर काढला आणि ईशान्येला बोट दाखवलं. मी गच्चीवर जाऊन बरोब्बर त्या बोटाच्या दिशेला डिश फिरवली.

आप्पांना गच्चीवर येता येत नव्हतं आणि मोठ्यानं ओरडताही येत नव्हतं. म्हणून ठरलं, ते खाली टीव्हीसमोर स्टीलचं ताट आणि चमचा घेऊन बसतील. चित्र आलं तर एकदा वाजवायचं, आलेलं गेलं तर सारखं वाजवायचं. पहिल्याच दिवशी ताट वाजलं. मी जिन्यावरून धडपडत खाली आले. पडद्यावर निळा रंग, चित्र नाही, पण कोपऱ्यात 'स्ट्रेंथ' नावाचा एक पट्टा काठोकाठ भरलेला. "फुल्ल हाय!" आप्पा म्हणाले. आम्ही खूष. चित्र आज ना उद्या येणारच!

तो पट्टा म्हणजे शुद्ध थाप असते. वायर जोडलेली आहे, एवढंच तो सांगतो. खरा पट्टा त्याच्या खालचा, 'क्वालिटी'चा, आणि तो आमच्याकडं कोरडा ठणठणीत होता. हे त्या कागदात कुठंही लिहिलेलं नव्हतं. आम्ही ढगांना दोष दिला, वायरीला दोष दिला. "नागपुरातच लाइट गेली असंल," असंही आप्पा एकदा म्हणाले. मी केसभर इकडं, केसभर तिकडं करत नागपूरच्या आसपासचा सगळा मुलूख पालथा घातला. दुकानदाराला विचारलं, तर "आज माणूस पाठवतो" म्हणाला, आणि तो आज कधी उजाडला नाही. मी घरात भांडी आपटायला लागले. आप्पांच्या पुढ्यातून मुद्दाम ताट उचलून नेलं एकदा, इतकी मी चिडले होते.

मग एका सकाळी एसटी पन्हाळ्याचा घाट चढत होती आणि मला खिडकीतून लॉजच्या छपरांवर तसल्याच डिशी दिसल्या. गाडी वळणं घेत होती, घरं फिरत होती, पण डिशी एकूणएक एकाच अंगाला तोंड करून बसलेल्या. नागपूरकडं नाही. दिल्लीकडं नाही. त्या पार आग्नेयेला, दक्षिणेकडं झुकून बघत होत्या. जिकडून कुठलाही कार्यक्रम येत नाही, तिकडं. कचेरीत पोचल्यावर मी आधी गच्चीवर गेले. मस्टरवर सही राहिली, साहेबांची बोलणी खाल्ली. पण वरून सूर्य बघून दिशा नक्की करून घेतली. त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डिश नागपूरकडं बघतच नाही. ती वर टांगलेल्या उपग्रहाकडं बघते, आणि तो सगळ्यांना एकच असतो.

संध्याकाळी मी आप्पांना म्हटलं, "डिश नागपूरकडं ठेवायची न्हाय."

त्यांचा चेहरा पडला. "तोंड फिरवायचं नागपूरकडनं?"

"तिथला कार्यक्रम वर जातोय आप्पा, उपग्रहाला. वरनं खाली येतोय. कोल्हापूर असू दे, नागपूर असू दे, सगळ्यांना सारखाच येतोय. मधे कुणाला अडवता येत न्हाय."

त्यांनी खिडकीतून वर आभाळाकडं बघितलं. "केबलवाल्यालाबी?"

"त्यालाबी."

"मग फिरीव," आप्पा म्हणाले.

फिरवली, तरी चित्र आलं नाही. उपग्रह उंचावर म्हणून मी डिश परातीसारखी आभाळाकडं उताणी करून ठेवली होती. पन्हाळ्याच्या डिशी मात्र चांगल्या उभ्या होत्या, जणू समोरच्या भिंतीकडं बघत होत्या. हे मी आप्पांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, वर्कशॉपमध्ये गेल्यासारखे. "एष्टीचा आरसा," ते म्हणाले. "ड्रायव्हर सरळ बघत न्हाय त्यात. बाजूला तिरका असतोय, तरी मागचं सगळं दिसतंय. ही डिश तसलीच हाय. वरचं घेतीया आणि खाली त्या डोस्क्यावर टाकतीया. उभी कर तिला." मी उभी केली, आणि हळूहळू, बोटाच्या पेराएवढी, मान वर उचलत गेले. खालून ताट वाजलं. मग परत वाजलं. मग ते थांबेचना. गेलं की आलं ते कळेना म्हणून मी धावत खाली आले, तर पडद्यावर उसावरच्या किडीचा कार्यक्रम लख्ख चालला होता आणि आप्पा ताट बडवत रडत होते. त्या ताटाला पोचे पडले ते शेवटपर्यंत राहिले.

त्याच आठवड्यात मी केबलची वायर काढून टाकली. केबलवाल्यानं गल्लीत अडवून विचारलं, "तोडली व्हय ताई? फुकटचं किती दिवस टिकतंय बघू की." दसरा येईपर्यंत आप्पांनी रोज ते चॅनेल लावून ठेवलं, कुणी काढून नेईल म्हणून पहारा दिल्यासारखं.

दसऱ्याच्या दिवशी मी रजा घेतली. शर्टाला इस्त्री केली. दुपारी सगळं ठीक होतं, आणि उन्हं उतरायला लागली तसं चित्राचे तुकडे व्हायला लागले. चौकोन, चौकोन, मग निळा पडदा. मी वर पळाले.

मंडळानं गल्लीवर आडव्या पताका बांधल्या होत्या, नवरात्राच्या. त्यातल्या एका दोरीचं टोक आमच्या डिशच्या दांड्याला बांधलेलं होतं. आमच्या गच्चीवर येऊन, आम्हाला न विचारता! वारा सुटला होता, पताका फडफडत होत्या, आणि प्रत्येक झटक्यानिशी दोरी माझ्या डिशची मान मुरगळत होती. मी खाली जाऊन भाजीची सुरी आणली आणि दोरी कापली. पताकांची माळ सळसळत गल्लीत पडली, नेमकी चौकाकडं निघालेल्या माणसांच्या डोक्यावर.

मग काय विचारता! सणाच्या दिवशी पताका तोडली म्हणून सगळी गल्ली वर बघून ओरडायला लागली. केबलवाला पुढं आला.

"ताई, ही काय पद्धत झाली?"

"डिशला कुणाला विचारून बांधलीसा?" मी कठड्यावरून ओरडले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आमच्या गच्चीवर कुणाला विचारून चढलासा?"

"खांब दिसला, पोरांनी बांधली. त्यात एवढं काय हाय?"

"खाली माझा बाप बसलाय! पांढरा शर्ट घालून बसलाय! गेल्या साली तुमी त्याला पालख्या दावल्यासा, औंदा ही दोरी! वर्षातनं एक दिवस, एक तास मागतोय माणूस, तेवढासुद्धा तुमच्या पोटातनं निघत न्हाय व्हय?"

आणखीही बरंच बोलले. शिव्याही दिल्या, त्या इथं लिहीत नाही. केबलवाल्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, एवढं मात्र मला पुरेपूर आठवतं. पण चौकात सोनं लुटायची वेळ होत आली होती. माणसं पुटपुटत निघून गेली आणि गच्चीवर मी आणि ती वाकडी डिश राहिलो.

मी डिश धरून जागेवर आणली. खालून ताट एकदा वाजलं. मी नट आवळायला गेले तर तो गरगर नुसताच फिरला. दोरीच्या हिसक्यांनी बोल्टाचे आटे गेले होते. हात सोडला की डिश मान टाकायची आणि खाली ताटाचा नुसता कल्लोळ व्हायचा. मी वीट लावली, फडकं बांधलं, कापलेली दोरीच गुंडाळून बघितली. काही जमेना. पुन्हा धरली. ताट एकदा वाजलं आणि गप्प झालं. तेव्हा मी ठरवलं, धरून उभं राहायचं.

आप्पांनी आवाज मोठा केला होता. खिडकीतून सगळं वर ऐकू येत होतं. आधी पुढाऱ्यांची भाषणं. पत्रा हाताला रुतत होता, दंड भरून आले होते, आणि भाषण काही संपत नव्हतं. माझ्या मनात त्या पुढाऱ्यांनाही चार शिव्या आल्या. मग केव्हातरी त्रिशरण सुरू झालं. लांबच्या लांब गर्दीचा एकच आवाज, आणि त्याच्या मागं, अर्धा शब्द मागं पडत, आप्पांचा जड आवाज. मग दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा. एकेक शब्द जिभेवर ओढून आणत ते म्हणत होते. मला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. समोर फक्त डिशची पाठ, आणि तिच्या पलीकडं काळी पडत चाललेली गल्ली.

गल्लीत माणसं परत यायला लागली. हातात आपट्याची पानं, एकमेकांना मिठ्या, नमस्कार. एकेक जण वर बघत होता आणि बोलायचं थांबत होता. ते गेले तेव्हा मी जिथं उभी होते, तिथंच होते. शेवटी केबलवाला आला. आमच्या कठड्याखाली थांबला. खिडकीतून येणारा आवाज त्यालाही ऐकू येत असणार.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "झालं गेलं सोडा की. खाली या. सोनं घ्या."

त्यानं पानं वर धरली होती. आत आप्पांची पुढची प्रतिज्ञा अर्ध्यावर अडखळली होती, पुन्हा सुरू होत होती. ताट गप्प होतं.

"हात मोकळा न्हाय," मी म्हटलं.